शेपूट अंगापेक्षा लांब

करी रोड, मुंबई
रविवार, ता. १५ सप्टेंबर १९५७

बकुळा,

जय भीम. पाकिटात दुसरा कागद आहे, तो उंदराच्या पायाचा. मागचा डावा पाय. बघून मळमळेल, तरी बोटं मोज. पाच आहेत. पुढच्या पायाला चारच असतात. आमच्या मुन्शिपालटीच्या खात्यात बारा-बारा वर्षं उंदीर उचलणारी माणसं आहेत, त्यांनाही हे ठाऊक नाही. मला आहे, कारण चिठ्ठी मागच्या पायाला बांधतात आणि ती मी बांधतो.

आता तुला सगळं कळलंच आहे, मग लपवून काय करू? लग्नाच्या वेळी पट्टेवाला आहे म्हणून सांगितलं. कमरेला पट्टा आहे, तेवढं खोटं नव्हतं. सकाळी चाळीचाळीतून पिंजरे गोळा करायचे, पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिंपात बुडवायचे, बुडबुडे थांबले की बाहेर काढायचे. मग पायाला घराच्या नंबराची चिठ्ठी बांधून परळला तपासणीच्या जागेत पोचवायचे. तिथं फणीनं त्यांच्या अंगातल्या पिसवा झाडून मोजतात. प्लेग येतोय का ते बघायला. प्लेग काही येत नाही. उंदीर मात्र रोज येतात. माझ्या बोटांना त्यांचा ओला वास आहे, तो राखेनं जात नाही आणि कारबॉलिकच्या साबणानंही जात नाही. तू मला एकदा विचारलं होतंस, जेवताना हात पाठीमागे का पुसता म्हणून. म्हणून.

दवाखान्याच्या बाकावर आपली रमा तुझ्या मांडीवर, तिच्या कानाचं रक्त तुझ्या पदराला, आणि शेजारची जाईबाई मोठ्यानं म्हणाली, "उंदीरवाल्याच्याच पोरीला उंदीर चावला, नशीब बघा बाई एकेकाचं." तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. नंतर पोरीचा ताप उतरेपर्यंत आठ दिवस तू बोलली नाहीस, आणि गावाला जायला एस्टीत बसताना बोललीस ते एकदम बोललीस. "गावची मेलेली ढोरं ओढायची आपल्या म्हाताऱ्यांनी सोडली, आणि तुम्ही मुंबईत येऊन उंदीर ओढता." मी म्हटलं, पक्की नोकरी आहे. तू म्हणालीस, "इथं घाणीशिवाय एक जिवंत वस्तू मला दाखवा. मग येते."

तर मी शोधतोय. तोवर पायाचं चित्र पाठवतो. हे काही ते नव्हे, पण सुरुवात आहे.

मी दोन गिरण्यांत बदलीची कामं सोडली, एक हॉटेल सोडलं, गोदी सोडली. हे खातं सोडलं नाही. उंदीर मोरीतून आला यात खात्याचा दोष नाही. रात्री मोरीच्या भोकावर दगड ठेवायचा राहिला तर येणारच. माणूस विसरतं. त्यावरून मी तुला एक शब्द तरी बोललो का?

रमाच्या कानाला आता खपली आहे का, ते कळव.

दत्ताराम


करी रोड
रविवार, ता. ६ आक्टोबर १९५७

बकुळा,

जय भीम. तुझं उत्तर नाही. गावाहून आईचं कार्ड मात्र आलं, तुझ्या सासऱ्यांच्या म्हणजे अप्पांच्या हातचं. अप्पा पलटणीतली इंग्रजी सही अजून करतात, ती आईच्या अंगठ्यापेक्षा मोठी. आई सांगते आणि ते जसंच्या तसं उतरवतात, गाळत काही नाहीत. "पोरीक भुंयर टाकल्यान, मोरीक दगड लावूक इसारली, आणि आता आमका तोंड दाखयता." असं लिहिलंय. तू मनावर घेऊ नको. दगडाचं तिला मीच कळवलं होतं, पण असं बोलायला नव्हतं सांगितलं.

मला चित्र शिकवणारा भेटला आहे. शिकवतो म्हणजे शिव्या घालतो. कमलाकांत मास्तर. फणसवाडीतला, तीन पिढ्यांचा मुंबईकर, कानात अत्तराचा फाया. तपासणीच्या जागेत बारीक बघायच्या दुर्बिणीखाली पिसू ठेवतो आणि तिचं हाताएवढं चित्र काढतो. उंदराची त्याला माझ्याहून जास्त किळस आहे. त्याच्या टेबलामागे भिंतीवर त्यानंच काढलेला मोठा उंदीर आहे. पोतं ठेवायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, याच्या मागच्या पायाचं एक बोट कुणी खाल्लं?"

"काय?"

"पाच पाहिजेत. चारच आहेत."

मास्तरानं उठून मोजली. मग पोत्यातला एक उंदीर चिमट्यानं धरून त्याचीही मोजली. मला वाटलं हाकलतो. त्यानं जुन्या फॉर्माचा पाठकोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. "शहाणा आहेस ना? काढून दाखव."

काढला. मास्तर म्हणाला, "हा उंदीर गणपतीच्या पायाशी बसलेला आहे. हातात मोदक तेवढा दे." मग म्हणाला, "ठाऊक आहे ते काढू नको. दिसतं तेवढं काढ."

त्याची रीत अशी. वर तारीख, जागा, वेळ, उजेड कुठून येतो ते. मग चित्र. मग खाली डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं, मनचं काही नाही. मी लिहिलं, 'घाणेरडा काळा उंदीर'.

"घाणेरडा खोड."

"का? घाणेरडा नाही तो?"

"असेल. पण घाण कुठल्या रंगाची असते? माझ्या पेटीत नाही तो रंग."

खोडलं. आता माझी वही आहे, शंभर पानी. रोज एक जीव. तुला दाखवायला त्यातलंच एक उतरवतो.

'ता. २ आक्टोबर. डिलाईल रोड, दुसरा मजला. सकाळी आठ. उजेड खिडकीतून. काळा उंदीर, नर. कान मोठे, पातळ, पलीकडचा उजेड दिसतो. मिशांचे केस डोक्यापेक्षा लांब. शेपूट अंगापेक्षा लांब. ओढून बघितली, नाकापुढे चार बोटं जाते.'

आणि ही दुसरी. 'ता. ४. लालबाग, तळमजला, संडासाची गल्ली. घूस. नाक बोथट, कान लहान. शेपूट अंगापेक्षा आखूड.' मास्तर म्हणतो, ही गटारातली. भोकातून वर येते ती ही. काळा वासे, माळे, फळ्या यांच्यावर राहतो, भिंतीला नख लावून चढतो, गटारात उतरत नाही. वरचा वर राहतो, खालची खाली राहते. मी म्हटलं, "म्हणजे उंदरांतसुद्धा गावकुसाबाहेरचे आहेत तर." मास्तर हसला नाही. त्यानं कानातला फाया काढून पुन्हा घातला.

आधी तो मला कागद टेबलावर ठेवायला सांगायचा. या आठवड्यात हातातून घेतला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची दिवसभर शिसारी आली.

दत्ताराम


करी रोड
रविवार, ता. ३ नोव्हेंबर १९५७

बकुळा,

जय भीम. दिवाळी झाली. चाळीत फराळाचे वास, त्याला आमचं पिंपाचं पाणी. जाईबाईनं करंज्या दिल्या. मी हात लांब धरून घेतल्या, तिनंही वरून टाकल्या. एका खात्यातले आम्ही. रामजी तिचा नवरा, माझ्याच पाळीला आहे, तरी ती मला वरून टाकते.

घाणीशिवाय वस्तू अजून सापडली नाही. वहीत एकवीस पानं झाली. कावळा काढला, गिरणीच्या रंगखात्याच्या गटारावरचा. सोमवारी ते पाणी निळं वाहतं, कापड बदललं की लाल. कावळा त्यात मेलेली घूस ओढत होता. तिचं पोट फोडायला त्याला किती वेळ लागला ते बघत मी उभा राहिलो, पळालो नाही. आधी डोळा काढतो. मग जिथं कातडी पातळ आहे तिथून आत जातो. आपले आजे हेच बघून ढोर कुठून चिरायचं ते शिकले असतील. दिसलं ते असं.

लालबागला एका माळ्यावर घरटं सापडलं. सगळं समितीच्या पत्रकांचं केलेलं. दातांनी कातरून कापसासारखं मऊ. 'झालाच पाहिजे' यातला 'झालाच' तेवढा एका तुकड्यावर शाबूत होता. आत सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले. पोटाच्या कातडीतून प्यालेलं दूध पांढरं दिसतं. रामजी म्हणाला, "काय रे दत्ता, फोटू काढतोस? स्थळ बघतोस काय त्यांना?" मी चित्र पुरं करेपर्यंत थांबलो. मग पिंपात टाकली. मग जेवलो नाही.

तुला वाटत असेल हा माणूस रोज असलं पाठवून मला आणखी पळवून लावतो. तसं नाही. खोटं गोड काढलं तर तू एका नजरेत ओळखशील, तू सातवी पास आहेस. मी तिसरीतून पळालो.

खात्यातलं एक सांगतो, रामजीवर हसण्यासारखं. रोज माणशी पंधरा उंदीर द्यावे लागतात. हरताळ असला की चाळींची दारं बंद, पिंजरे लागत नाहीत, आकडा मात्र पंधराचाच. आणि हल्ली हरताळाला काय कमी? म्हणून माणसं चांगल्या दिवसाचे जादा उंदीर बुडवत नाहीत. जिवंत ठेवतात, पिंजऱ्यात, शिळा तुकडा घालून. त्याला शिल्लक म्हणतात. मेलेला ठेवून चालत नाही, तपासणीत शिळा ओळखतात. रामजीची शिल्लक जिन्याखाली असते. एकदा मांजरानं सगळी खाल्ली, तर हा मांजराच्या नावानं रडला. मी असलं करत नाही.

आईचं पुन्हा कार्ड. ती तुला अंगणात चारचौघींत बोलते असं अप्पांनी खाली आपल्या मनानं लिहिलंय. बकुळा, माझ्यापुरतं सांगतो, दगडाचं मी मनातून काढून टाकलं आहे. तुला माफ केलं. तूही उंदराची नोकरी माफ कर. फिटंफाट.

दत्ताराम


करी रोड
रविवार, ता. ८ डिसेंबर १९५७

बकुळा,

सापडली.

परवा शुक्रवारी बाबासाहेबांना जाऊन वर्ष झालं. दादरला समुद्रावर गेलो होतो. माणसं किती ते सांगता येत नाही. रांगेत उभा होतो, फूल वाहिलं, बाहेर आलो. रामजी आठवड्यापूर्वी समितीच्या ट्रकातून प्रतापगडला काळी निशाणं घेऊन गेला होता, तो घसा बसवून आलाय, त्याला बोलता येत नाही हे एक बरं. मी एकटाच ओहोटीच्या वाळूवर चालत गेलो. वाळूवर बारीक गोळ्या होत्या. मोहरीपेक्षा मोठ्या, वाटाण्यापेक्षा लहान. हजारो. नुसत्या सांडलेल्या नाहीत, मधे एक भोक आणि भोवती ओळी मांडलेल्या, सूर्याचे किरण काढतात तशा. कोणी मांडल्या म्हणून पोटावर पालथा झालो. चांगलं धुतलेलं धोतर होतं.

हललो नाही. किती वेळ ते माहीत नाही. मग भोकातून खेकडा आला. नखाएवढा. वाळूच्याच रंगाचा, हलला म्हणून दिसला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, त्यातलं काय खायचं ते खातो, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. पुन्हा एक पाऊल पुढे, पुन्हा गोळी. गोळी हातात घेतली. सुकी वाळू, वास नाही. माझ्या बोटांनासुद्धा तेवढा वेळ वास नव्हता.

चित्र पाठवतो. गोळ्या एकशे चौदा आहेत, मोजून काढल्या आहेत. मास्तरानं गोळ्या पुन्हा मोजल्या आणि कागद हातात परत दिला, म्हणजे काय ते मला आता कळतं.

घाणीशिवाय एक जिवंत वस्तू. तू मागितलीस, मी दाखवली. आता ये. रमाला पाळणा आणून ठेवतो, उंच टांगतो. मोरीला जाळी बसवून घेतो म्हणजे दगडाचा प्रश्नच नको.

तुझा
दत्ताराम


करी रोड
रविवार, ता. २२ डिसेंबर १९५७

बकुळा,

तुझं पत्र मिळालं. पाच महिन्यांनी पहिलं, आणि तेही एवढंसं. चार वेळा वाचलं. तुझेच शब्द तुला उतरवून दाखवतो, म्हणजे तुला कळेल कसं वाटतं वाचायला.

'जय भीम. खेकडा पोचला. खरा आहे. रमा दोन पावलं टाकते. तुमची सगळी चित्रं मी तारखेनं लावून ठेवली आहेत. त्यात एक नाही. त्या दिवशीचा उंदीर काढून पाठवा. मी घागर घेऊन दारात आले तेव्हा तो गोधडीवरून उडाला आणि भिंतीवरून फळीवर चढला. मी त्याची शेपूट बघितली आहे. तुम्ही लिहिता, फळीवर चढतो तो गटारातून येत नाही. दगड मी ठेवला होता असं मला आठवतं. तुम्ही म्हणता नव्हता. मी आता चूल विझवली की नाही ते तीनदा उठून बघते. विहिरीवरून अर्ध्या वाटेतून परत येते, पोर झोळीत आहे की नाही बघायला. कधी वाटतं माझं डोकं फिरलं. शेपूट केवढी होती तेवढं कळवा. बाकी काही नको.'

बरं. कळवतो. अंधार होता. पोर रडत असताना शेपटी कोण मोजतं? गटारातली घूसही कधी भूक लागली तर चढते. तुला भास झाला असेल. मी तुला समुद्रावरची वस्तू शोधून दिली आणि तू माझी उलटतपासणी घेतेस, वकिलासारखी. शाळा शिकलेली बायको करू नये म्हणतात ते काही

इथं थांबून दोन दिवस झाले. हे पत्र फाडून दुसरं लिहायला कागद आहे, पण तसं करत नाही.

घूस फळीवर चढत नाही. मी खोटं लिहिलं.

तू म्हणतेस म्हणून तो उंदीर काढायला बसलो होतो. चार वेळा काढला. चारही वेळा नाक बोथट काढलं आणि शेपूट आखूड काढली. मास्तरानं मागून येऊन बघितलं. "हे कुठं बघितलंस?" मी म्हटलं, घरी. "नाही," म्हणाला. "हे बघितलेलं नाही. हे तुला पाहिजे आहे ते काढलंयस. इतका खोटा कागद तू पहिल्या दिवशीसुद्धा दिला नव्हतास." आणि त्यानं तो मला परत दिला. हातात नाही, टेबलावर ठेवला.

मला माझीच ओकारी आली आहे. आज एवढंच.

दत्ताराम


करी रोड
रविवार, ता. ५ जानेवारी १९५८

बकुळा,

जय भीम. रीतीनं लिहितो.

ता. ९ जुलै १९५७, मंगळवार. करी रोड, आपली खोली. पहाटेचे पाच, नळाला पाणी आलेलं. उजेड उघड्या दारातून, जिन्यातल्या दिव्याचा.

आदल्या दिवशी हरताळाची आवई होती. माझ्याकडे सहा उंदीर जादा होते. रामजीची जिन्याखालची जागा भरली होती, म्हणून पिंजरा मी वर घेऊन आलो. गोणपाटात गुंडाळून फळीखाली, ट्रंकेमागे. तू म्हणालीस, "हा वास कसला?" मी म्हणालो, "साहेबाला द्यायची सुकट आहे, हात लावू नको." तू हसलीस, म्हणालीस, "तुमच्या साहेबाला नाक नाही वाटतं."

पहाटे तू घागर घेऊन नळावर गेलीस. झोळी ओली होती म्हणून रमाला गोधडीवर निजवलंस, माझ्या अंगाला लागून, मी जागा आहे हे बघून. म्हणालीस, "बघा हं." मी हं म्हटलं.

तू गेल्यावर उठलो. उंदीर मेले तर नाहीत ना, ते बघायचं होतं. मेले असते तर फुकट गेले असते. गोणपाट सोडलं. पिंजऱ्याची तळाची फळी त्यांनी कुरतडली होती, मला दिसली नाही. एक बाहेर पडला. काळा. कान मोठे. शेपूट अंगापेक्षा लांब. ट्रंकेवरून फळीवर गेला आणि भांड्यांमागे बसला. मी काठी घातली, तो हलला नाही. तेवढ्यात खाली नळावर तुझा आवाज ऐकला, जाईबाईशी बोलत होतीस. मला वाटलं, आता ही वर येणार आणि पिंजरा बघणार. मग माझी नोकरी कसली ते तुला कळणार.

मी उंदीर तिथंच सोडला आणि पिंजरा उचलला. पोरगी गोधडीवर, उंदीर फळीवर, आणि मी पिंजरा घेऊन मागच्या जिन्यानं खाली. आत जागा नव्हती, रामजीच्या पिंजऱ्याशेजारी उघड्यावरच ठेवला. वर गोणपाट नीट झाकलं, चारी कोपरे दाबून. तेवढा वेळ लागला. पोरीला एकटं ठेवून मी गोणपाटाचे कोपरे दाबत होतो.

रमाची किंकाळी मी जिन्यात ऐकली. तू माझ्याआधी पोचलीस. तू तिला उचलून दवाखान्याकडे धावलीस, जाईबाई तुझ्यामागे. मी तुमच्यामागे निघालो तो दारातून परत फिरलो. मोरीकडे बघितलं. दगड भोकावर होता. नीट बसलेला. वर फडकं कोंबलेलं, तू रोज कोंबायचीस तसं. मी फडकं काढलं आणि दगड बाजूला सारला. मग दवाखान्यात आलो आणि तुला म्हटलं, "मी जरा संडासला गेलो होतो. मोरी उघडी होती गं."

तू तेव्हा तोंडावर हात ठेवलास. तोंड झाकलेलं, डोळे उघडे. ते चित्र मी काढलेलं नाही.

दगड तू ठेवला होतास. तुझं डोकं फिरलेलं नाही. तुला आठवतं ते सगळं बरोबर आहे. तू बघितलीस ती शेपूट तेवढीच लांब होती. चूल तू एकदाच बघ. विहिरीच्या वाटेतून परत येऊ नको.

खालच्या कागदावर तो उंदीर आहे. या वेळी एकदाच काढला.

मी रोज पंधरा उंदीर बुडवतो आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडतो. सहा महिने मी त्यांना घाण म्हणत होतो, मुंबईला घाण म्हणत होतो, खात्याला, जाईबाईला, सगळ्यांना. उंदरानं जे केलं ते त्यानं भुकेनं केलं. दगड सारणारा हात उंदराचा नव्हता, आणि त्या हातानं मी जेवतो. त्यावर तुला माफ केलं असंही लिहिलं. ते पत्र तुझ्याकडे आहे. ठेव. पुढं कधी मी रागानं बोलायला लागलो तर दाखव.

ये म्हणून आता लिहीत नाही. घाणीशिवाय वस्तू दाखवली तर यायचं तू कबूल केलं होतंस, त्यातून मी तुला मोकळी केली. रमाचे कान टोचायचं आईनं या महिन्यात ठरवलंय, अप्पांनी लिहिलंय. उजव्या कानाला पाळी नाही, तिथं जमणार नाही. त्या दिवशी अंगणात बायका जमतील आणि प्रत्येक जण तो कान बघेल, आणि मग तुझ्याकडे बघेल. म्हणून हे पत्र त्या दिवसाच्या आधी पोचावं असं टाकतो आहे. तुला एकटीला वाचायला नाही. ते अप्पांकडे दे. त्यांना सांग, कान टोचायच्या आधी अंगणात उभं राहून वाचा, पलटणीत हुकूम वाचतात तसं. शिव्या गाळायला नको, माझं नाव गाळायला नको. वाचल्यावर माझ्या घरी तुला राहायचं नसेल तर अप्पा तुला तुझ्या भावाकडे पोचवतील, त्यांना वेगळं लिहिलं आहे.

आईला अलीकडे कमी ऐकू येतं. दगडाचं वाक्य अप्पांना दोनदा वाचायला सांग.

दत्ताराम